सात फोटोंचा कारखाना

कडा गावच्या बाजारात उत्तरेश्वरचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक पत्र्याची खोली आणि मागं निळा पडदा. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं चारचौघांसारखी खडी फोडली, पण कॅमेरा विकला नाही. बायको म्हणायची, "पोटाला न्हाई आन् डोळ्याला चोचले." तिचं काही खोटं नव्हतं.

पुढं दिवस पालटले. तिकडं माळावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. संचालक सुंदरराव म्हणाले, "सगळा कारखाना एका फोटूत पायजे." आता एवढा पसारा एका फोटोत मावायचा कसा? उत्तरेश्वर पाण्याच्या टाकीवर चढला. स्टँड जागचं न हलवता कॅमेरा थोडा थोडा फिरवत सात फोटो काढायचे आणि मग सांधायचे, असा त्याचा बेत. माणसं हलू नयेत म्हणून भोंगा वाजवला. दुसरा भोंगा होईतो सगळे जागच्या जागी थांबले. बैलांना मात्र कोण सांगणार?

चार हात लांब फोटो झाला. पण चिमणी नेमकी सांध्यावर आली आणि मधोमध दोन बोटं सरकली. सुंदरराव भडकले, "काय बे, आमची चिमणीच मोडून ठेवली!" फोटो परत आला. उत्तरेश्वरनं तो दुकानात लावला आणि येईल त्याला कौतुकानं दाखवला. निगेटिव्ह पुढं गळक्या पत्र्याखाली भिजून गेल्या. मिरवावं असं त्याच्यापाशी तेवढं एकच उरलं.

दोन वर्षांनी दगडाबाई आली, धारूरकडची ऊसतोड करणारी. तिचा नवरा बंकट तापानं गेलेला. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं आणि हार घालायला घरात त्याचा फोटो नव्हता.

"भोंगा झाल्ता तवा मी आमच्या पाल्याच्या कोपीम्होरं भाकरी थापीत हुते," ती म्हणाली. "ते गाडीपाशी, रांगंत. तुमी आमाला काढलंय. बघा की, भाऊ."

उत्तरेश्वरनं भिंग लावलं. पहिल्या फोटोत उसाच्या गाड्यांच्या रांगेत, बैलाच्या पाठीवर हात ठेवून बंकट उभा होता. तांदळाच्या दाण्याएवढा, पण तिला ओळखू येत होता. सातव्यात ती. ऊसतोडीचा मुकादम नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजतो, दोघांचा मिळून एक आकडा. इथं मात्र दोघांच्या मधे अख्खा कारखाना.

"दोघं जवळ येत्याल का?" तिनं विचारलं.

उत्तरेश्वरला बंकटपुरता तुकडा देऊन तिची बोळवण करता आली असती. पण त्यानं फोटो भिंतीवरून काढला, कात्री घेतली, दोन्ही टोकं कापली आणि एकमेकांना चिकटवली. सांधा असा बेमालूम जमला, की मेल्या, हेच हात चिमणीच्या वेळी कुठं गेले होते, असं त्यानं स्वतःलाच विचारलं. दगडाबाईनं तो पदरात गुंडाळून नेला.

उरलेले पाच फोटो पुढं कैक वर्षं दुकानात होते. कुणीतरी हटकून विचारायचं, "गाड्याची रांग अर्धीच हाय, टोक कुटं गेलं?"

"गेलं त्याच्या बायकूपाशी," उत्तरेश्वर म्हणायचा.