काकांचा आवाज

नकला करणाऱ्या पोराची आठवण म्हणल्यावर तुम्ही हसायच्या तयारीत बसला असाल. तर आत्ताच सांगतो, यात कुणीच हसलं नाही. मी पण नाही, आणि मी तर स्वतःच्या विनोदावर पहिला हसतो.

केडगावला मावशीच्या घरी मावसभावाला खोलीत कोंडलं होतं. दहावीतलं पोरगं. वर्गात त्यानं सरांना ढकललं होतं. उद्या बापाला घेऊन ये नि माफी माग, नाहीतर दाखला घेऊन जा, असं शाळेनं सांगितलं होतं. तो म्हणत होता, माफी मागणार नाही, आणि पप्पांबरोबर तर जाणारच नाही.

आमच्या घराण्यात बारसं असो, हळद असो, मला उभं करतात आणि म्हणतात, कर रे एखादी नक्कल. त्याच सवयीनं काकांनी, म्हणजे त्याच्या पप्पांनी, मला आत ढकललं. "हसव त्याला. मऊ पडला की हाक मार." आणि बाहेरून कडी.

खिडकीत बंद कूलर, त्यामुळं उजेड नाही, वारा नाही. तो पलंगावर, मी दाराला पाठ लावून. मी घोडेगावच्या गुरांच्या बाजारातले दलाल केले. मुख्याध्यापक केले. मावशी फोनवर बोलते तशी बोललो. तो भिंतीकडं बघत होता. मी हळूच दार वाजवून पाहिलं. कुणी उघडेना.

मग तो म्हणाला, "माझ्या बापाची कर."

काकांची नक्कल मी फक्त पोरापोरांत करायचो. दर मे महिन्यात इथंच असायचो, त्यामुळं पाठच होती. काका ओरडत नाहीत. आवाज खाली आणतात.

"खाली काय बघतो? माझ्याकडं बघ. बघ म्हणलं ना."

त्याचा एक हात तोंडावर आडवा गेला आणि दुसऱ्या हातानं त्यानं उशाचा पाण्याचा तांब्या भिरकावला. माझ्या कानाशेजारी दारावर आदळला. मी जागचा हललो नाही, हलायला जागाच नव्हती.

तो स्वतःच्याच हाताकडं बघत बसला.

"सर पन असंच म्हणले हुते," तो म्हणाला. "मला वाटलं आता कानाखाली बसनार. म्हनून आदी मीच ढकललं."

कडी निघाली. दारात मावशी. तिच्यामागं काका, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते चपला घालून बाहेर गेले. मावशीनं पोराला सांगितलं, उद्या शाळेत मी येते, हे सगळं सरांना मी सांगते, मग तू माफी माग. त्यानं मान हलवली.

मला वाटलं, सुटलो. हसायला तोंड उघडलं. तशी ती माझ्याकडं वळली.

"दात काढू नको. हुबेहूब आवाज काढलास. म्हंजी किती येळा ऐकलं असशील तू? आन् माझ्या कानावर एक शब्द घातला न्हाई? मी सैपाकघरात मेले हुते व्हय रे?"