डार्विनला येणाऱ्यांची थेमेलिना

सकाळचे सहा वाजले होते आणि थेमेलिना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून द्राक्षाच्या पानांत तांदूळ भरत होती. डार्विन या ऑस्ट्रेलियन शहराच्या उकाड्यात द्राक्षाचा वेल काही केल्या धरत नाही, म्हणून पानं बरणीतली. पण गुंडाळी मात्र तिच्या कालिम्नोस या ग्रीक बेटाची, करंगळीएवढी आणि घट्ट. वरचा पंखा गरम हवा नुसती इकडून तिकडे ढकलत होता. समोर नवरा, मिकेस, कपाच्या तळाशी उरलेल्या कॉफीच्या गाळाकडे बघत बसला होता.

"परवा चर्चमध्ये ऐकलं," तो म्हणाला, "बेटावरून कोणी येणार असलं की आता आधी एव्दोकियाला फोन करतात म्हणे. तुझी गादी गेली बाई!"

"गादी कसली? मी काय राणी होते?" थेमेलिना म्हणाली, आणि हातातलं पान टरकन फाटलं.

बत्तीस वर्षं बेटावरून येणारा प्रत्येक माणूस विमानतळावरून आधी तिच्या दारात यायचा. ती संत्र्याच्या मुरांब्याचा एक चमचा द्यायची, वर थंडगार पाण्याचा पेला, आणि मग सुरू व्हायची. सातच्या आत काय हिंडायचं ते हिंडून घ्या, नंतर सूर्य तुम्हाला हिंडवेल. तहान लागायची वाट बघू नका. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, इथलं नळाचं पाणी चांगलं आहे. बाहेर माशाची एक थाळी खाल, तर तेवढ्यात घरी चौघं जेवतील. त्यापेक्षा रविवारी रॅपिड क्रीकच्या बाजारात जा. आणि पिशवीत एक स्वेटर ठेवा. हो, स्वेटरच! इथल्या दुकानांत शिरलात की दात वाजतात.

लोक हसायचे आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात कुडकुडायचे.

एव्दोकिया म्हणजे मिकेसच्या पुतण्याची बायको. चार वर्षांपूर्वी नवी नवरी म्हणून आली तेव्हा याच टेबलाशी बसून, घाम पुसत, मान डोलावत तिने हे सगळं ऐकलं होतं. आता तीच डोक्यावर झोकदार टोपी घालून फोनवर व्हिडिओ टाकायची. थेमेलिनाने ते सगळे पाहिले होते. सतरा होते. मिकेसला कळू नये म्हणून न्हाणीघराची कडी लावून पाहिले होते. स्वेटरचा विनोदसुद्धा शब्द न् शब्द तोच. पोरीने सबंध माळ उचलली होती आणि स्वतःच्या गळ्यात घालून मिरवत होती.

मिकेस मागच्या परसात भेंड्यांना पाणी घालायला गेला, आणि तेवढ्यात दार वाजलं.

दारात काळ्या कपड्यांतली, साठीला टेकलेली एक बाई उभी होती. घामाने चेहरा लाल झालेला, खांद्यावर कापडी पिशवी.

"एव्दोकियाचं घर हेच का हो?"

"नाही. तिचं मागच्या गल्लीत."

"तिथं कोणी दार उघडेना. शेजारीण म्हणाली, इकडंही आपल्यातलेच राहतात. मी आंथूला. काल रात्रीच आले. मुलगा इथं फरशा बसवतो, तो कामावर गेला."

आपल्यातलेच! पाहुणीला दारातून परत पाठवणं थेमेलिनाच्या रक्तात नव्हतं. तिने मुरांबा काढला, पाणी दिलं आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "हे बघा, इथं हिंडायचं ते—"

"सातच्या आत!" आंथूलाने चमचा चाटत वाक्य पुरं केलं. "माहितीये. आणि हे बघा स्वेटर!" तिने पिशवीतून स्वेटर वर काढून दाखवला. "सगळं त्या पोरीनं सांगितलंय. केवढी हुशार हो! एवढ्याशा वयात कसं सुचतं सगळं?"

"हो ना," थेमेलिना म्हणाली. "कसं सुचतं कोण जाणे."

"आता चालले समुद्रावर. दोन दिवस विमानांत काढलेत, अंग नुसतं आंबलंय. कपड्यांच्या आत पोहायचाच पोशाख घातलाय. तिच्या व्हिडिओत समुद्र काय निळा हो! ती पायही बुडवते. म्हणते, या, तुम्हीही या."

थेमेलिनाने तो व्हिडिओ पाहिला होता. जुलैतला होता तो, कोरड्या हवेतला. आता नोव्हेंबर चालू होता. या दिवसांत इथल्या पाण्यात काचेसारखे आरपार जेलीफिश येतात. दिसत नाहीत, त्यांचे दोरे अंगाला गुंडाळले की माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. शिवाय मगरी आहेतच. थेमेलिनाच्या यादीत ही गोष्ट सगळ्यांत शेवटी यायची, बेटाच्या माणसांना ती पटत नाही म्हणून. समुद्रकाठी राहायचं आणि समुद्राला शिवायचं नाही? पण यादी शेवटपर्यंत म्हणायची वेळच आज आली नव्हती.

आता सांगायचं.

तिने तोंड उघडलं, आणि मनात कोणीतरी म्हणालं: कशाला? विचारू दे तिच्या हुशार पोरीला. त्या दोऱ्यांनी भाजला थोडा पाय तर भाजला. कळेल सगळ्यांना, कोणाचं ऐकायचं ते.

"मुरांबा छान होता हं," आंथूला उठली.

"या परत," थेमेलिना म्हणाली.

दार लागलं. ती टेबलाशी बसली, एक पान घेतलं, तांदूळ भरले, गुंडाळलं. मग दुसरं घेतलं. तिसरं पान उचललं, आणि ते तसंच टाकून ती अनवाणी रस्त्यावर धावली.

किनारा पाच मिनिटांवर होता. आंथूलाने काळा झगा घडी करून दगडावर ठेवला होता आणि ती पाण्यात उतरणाऱ्या शेवटच्या पायरीवर उभी होती.

"आंथूला! मागे फिरा! पाण्यात पाय घालू नका!"

"का हो? माझा बाप समुद्राच्या तळातून स्पंज काढायचा. मला समुद्र शिकवता?"

"हा तो समुद्र नाही, बाई! ती पाटी वाचा!"

"मला कुठं येतं इंग्रजी? आणि इथं व्हिनेगरची बाटली कशाला ठेवलीये? सॅलडला?"

"जेलीफिश डसलेल्या माणसावर ओतायला!"

आंथूला पाटीवरच्या चित्राकडे बघत राहिली. चित्रातल्या माणसाच्या पायाला दोरेच दोरे गुंडाळलेले होते. ती हळूच दोन पायऱ्या वर आली आणि मटकन दगडावर बसली.

तेवढ्यात काठाच्या वाटेने सकाळची फेरी मारणारी एव्दोकिया आवाज ओळखून धावत आली. "काकू, काय झालं?" सगळं ऐकल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं बाई! तो जुलैतला व्हिडिओ. महिना सांगायचा राहिलाच माझा. काकू, तुम्ही नसता तर..."

"थांब," थेमेलिना म्हणाली. तिला धाप लागली होती. "माझे गोडवे गाऊ नकोस. ही माझ्या घरातून निघाली तेव्हाच मला माहीत होतं कुठं चाललीये. मी गप्प बसले. तुझी फजिती व्हावी म्हणून."

आंथूलाने झगा छातीशी धरला. "मुरांबा खाऊ घालून?" एवढंच ती म्हणाली.

"हो. मुरांबा खाऊ घालून. दोष माझाच."

लाट येऊन पायरीला लागली आणि परत गेली. एव्दोकियाने टोपी काढून हातात घेतली.

"मी आजच काढून टाकते तो व्हिडिओ. सगळेच काढून टाकते, काकू. सगळं तुमचंच आहे, मला काय कळत नाही का? लाज वाटायची सांगायला. वाटायचं, लोक म्हणतील हिचं स्वतःचं काहीच नाही."

"काढू नकोस. लोकांना उपयोग होतोय," थेमेलिना म्हणाली. बोटांना चिकटलेले तांदळाचे दाणे ती एप्रनला पुसत होती. "समुद्राचं मात्र सगळ्यांत आधी सांग, महिन्यासकट. आणि माझं एक छोटंसं काम कर. दर वेळी शेवटी म्हण, हे मला थेमेलिनाकाकूने शिकवलं."