ओपन जिम मी मागितली म्हणे

"भाभी, फोटो झाला न्हवं? उठा आता. सायबास्नी बसू द्या."

मी उठले. खुर्चीच्या पाठीला कागद चिकटवलेला होता, 'कोरोना योद्धा'. त्याची चिकटपट्टी माझ्या पदराला लागली आणि कागद माझ्याबरोबरच उठला. पाठीवर योद्धा घेऊन मी भिंतीपर्यंत चालत गेले. सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले. मला आधी हसू येतं, कुणाला हसले ते मागाहून कळतं. अठ्ठेचाळीस वर्षं असंच चाललंय.

मी आशा सेविका. तासगावजवळचं द्राक्षाचं गाव. नवरा टेलर. साथीच्या दोन वर्षांत घरोघर फिरून मी ताप मोजला. "लांबनं बोल गं" म्हणून ज्यांनी दार लावून घेतलं, त्यांच्याही नोंदी खिडकीतून विचारून घेतल्या.

ती बैठक मोठी होती, तालुक्याहून साहेब आले होते. साथीसाठी दिल्लीहून राज्याला पैसे आले होते. राज्याने ते गावागावांत खर्च करायचं ठरवलं होतं, आणि कशावर करायचे ते लोकांना विचारून ठरवा, असं पत्र आलं होतं. बैठकीला आशा हजर पाहिजे, अशी त्यात एक ओळ होती. ती ओळ म्हणजे मी.

मला वाटलं, विचारणार. मी भाषण लिहिलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "लय लांब झालंय. बाही कमी कर." मी कापत गेले. शेवटी दोन वाक्यं उरली. उपकेंद्रात ऑक्सिजनची एक खाट द्या. वेळेला सापडेल अशी एक गाडी द्या.

ती वाक्यं खरं तर कमळची. कमळ माझी शाळेतली मैत्रीण, बागेत मजुरीला जाणारी. दुसऱ्या लाटेत गावाने आजाऱ्यांना ठेवायला बेदाण्याचं रिकामं शेड दिलं. हिरव्या जाळीच्या आत, जिथे द्राक्षं वाळतात तिथे माणसं. मी कमळच्या बोटाला यंत्र लावून बसले होते. ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. गाडीला फोन केला, येतीय म्हणाले. चार वेळा येतीय म्हणाले.

"ह्यो आकडा चांगला का वाईट गं?" कमळनं विचारलं.

"चांगला," मी म्हटलं.

गाडी आली तेव्हा यंत्रावर नुसत्या रेघा होत्या.

तर बैठक. मी भिंतीशी उभी, कागद मुठीत. ठरावाची वही फिरली. आमच्याकडे रीत अशी की आधी सगळ्यांनी खाली सह्या करायच्या आणि वरची जागा कोरी सोडायची. काय ठरलं ते ग्रामसेवक मागाहून निवांत लिहितात. कधीपासून असंच चालतं, कुणालाच त्यात काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही. सही केली. चांगली वळणदार.

मग कागद उघडला. तेवढ्यात सरपंच म्हणाले, "भाभी, जरा चाचं बघा की. तुमच्या हातचा चा सायबास्नी आवडंल."

आणि मी गेले. नुसती गेले नाही, दारातून वळून विचारलंसुद्धा, "साखर कुणाला कमी?" घाईत भाषण ओट्यावर ठेवलं, त्यावर पातेल्याचा गोल उमटला. ट्रे घेऊन आले तर बैठक संपलेली. चहा मात्र सगळ्यांनी वाखाणला.

महिन्याभराने शाळेशेजारी लोखंड उतरलं. ओपन जिम. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. दिवसभर द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर करून घड विरळणाऱ्या बायकांसाठी, हात वर करायचं यंत्र.

मी ग्रामसेवकांकडे गेले. माणूस गरीब स्वभावाचा. म्हणाले, "यादी वरनंच आलती भाभी, मुंबईतनं. तिच्यात जिम हुती, कमान हुती. खाट न्हवती. खाट दुसऱ्या हेडमधनं, म्हंजी दुसऱ्या खात्याच्या पैशातनं येती."

"मग लोकास्नी इचारलं कशाला?"

"इचारलं असं दाखवाय लागतंय."

त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. सूचक, सरपंच. अनुमोदक, म्हणजे पाठिंबा देणारी, मी. 'साथीतील रुग्णांच्या अनुभवावरून आशा सेविकांनी ओपन जिमची मागणी केली.' खाली माझी सही. वळणदार.

साथीतील रुग्ण. अनुभव. म्हणजे कमळ. कमळच्या बोटावरच्या त्या रेघांवर मी जिम मागितली होती.

उद्घाटनाला तेच साहेब आले. सरपंचांनी माइक घेतला. "ही मागणी आपल्या आशाभाभींची! नारळ त्याच फोडणार!" टाळ्या. नारळ माझ्या हातात. पुन्हा योद्धा. पुन्हा फोटो.

मी म्हटलं, "म्या ही मागितली न्हाई."

माइक नव्हता, तरी ऐकू गेलं. "म्या खाट मागणार हुते. तुमी मला चा कराय धाडलं."

सरपंच खालच्या आवाजात म्हणाले, "आवं भाभी, घरातलं माणूस तुमी. चार लोकांत असं बोलायचं व्हय?"

"घरातली हाय म्हणून चा कराय धाडलं, व्हय?"

कुणीतरी हसलं. या वेळी मी हसले नाही. नारळ त्या हात वर करायच्या यंत्राच्या बैठकीवर ठेवला आणि चालू लागले. जवळजवळ पळालेच. रुबाबात गेले असं खोटं सांगणार नाही.

वरून माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी दिला. तीच दोन वाक्यं. उत्तर आलं नाही. जिम आहे तिथेच आहे, तिच्यावर गोधड्या वाळतात. उपकेंद्रात खाट नाही. आज कुणाला धाप लागली तर आजही मी बोटाला यंत्र लावून 'येतीय, येतीय' ऐकत बसणार.

परवाच्या बैठकीत वही फिरली. वर कोरी, खाली सह्या. माझ्यापाशी आली.

"आधी लिवा," मी म्हटलं. "मोठ्यानं वाचा. मग सही."

"सगळ्यांचा टाइम जातोय भाभी."

"जाऊ द्या."

माझ्यावरून वही पुढे गेली. सगळ्यांनी सह्या केल्या. माझी जागा तेवढी मोकळी राहिली. खाट येईपर्यंत प्रत्येक बैठकीत मी ती दोन वाक्यं आधी म्हणणार, आणि कोऱ्या पानाखालची ती जागा मोकळीच ठेवणार. चहाचा ट्रे परवा कोपऱ्यात रिकामा पडून होता. तो कुणी उचलला, मी पाहिलं नाही.