घाटातल्या बसशी बोलणाऱ्या ताई

आमच्या रेडिओ केंद्रावर हवामानाचा अंदाज वाचायला कुणी तयार नसायचं. गाणी लावायला सगळे पुढे, मुलाखती घ्यायला तर रांगच; पण "डोंगराळ भागात आकाश अंशतः ढगाळ राहील" हे वाचायची वेळ आली की एकेकाचा घसा बसायचा. म्हणून ते काम ताईंकडे आलं. त्यांचा घसा जन्मापासूनच बसलेला होता.

आवाज घोगरा, जाडाभरडा. गाण्यांच्या कार्यक्रमासाठी परीक्षा दिली तेव्हा त्यांना नापास केलं, आणि "हवामानाला चालेल" म्हणून ठेवून घेतलं. ताईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "हवामान तरी कुठे गोड असतं?" असं म्हणायच्या. मी काचेपलीकडे यंत्रं सांभाळायचो, आणि इतक्या वर्षांत आमची अशी जोडी जमली होती की त्यांनी भुवई उचलली तरी मला कळायचं, आता बाई कागदाबाहेर जाणार. छापलेलं वाक्य संपलं की स्वतःचं एक शेपूट जोडायची त्यांना खोडच होती. "पारा शून्याखाली जाईल. नळ थोडा सोडून ठेवा, नाहीतर सकाळी पाइप फुटलेला सापडेल." केंद्रप्रमुख साहेबांनी दोन-तीनदा समज दिली. ताई मान डोलवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गाडीच्या बॅटरीची काळजी करायच्या.

त्या हिवाळ्यात थंडीने कहर मांडला होता. नदी काठाकाठाने गोठली होती. दाराच्या कड्या हाताला चिकटत होत्या. आमच्या स्टुडिओत हीटर चालू असूनही ताई हातमोजे घालून कागद उलटायच्या आणि दरवेळी दोन पानं एकदम उलटायच्या.

वेधशाळेतून अंदाज पाठवणारे सर स्वभावाने फार सावध. प्रत्येक वाक्यात "कदाचित" असल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना कदाचितसर म्हणत. त्या सकाळी मात्र त्यांचा फोन आला तो घाईघाईचा.

"ताई, उत्तरेकडून दुसरी लाट येतेय. पहिलीच्या दुप्पट. नदीखोऱ्यात कडाक्याचा गारठा, पठारावर बर्फ, आणि डोंगरात वादळ. घाटात कुणी जाऊ नका म्हणून सांगा. अगदी ठणकावून सांगा."

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. "घाटात? अहो सर, माझ्या सासूबाई सकाळच्या बसने निघाल्यात!"

सासूबाई लेकीकडे, घाटापलीकडच्या गावी राहायला गेल्या होत्या. आदल्या दिवशी ताईंनी फोनवर किती विनवलं होतं, दोन दिवस थांबा म्हणून. पण सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "तुझा अंदाज रेडिओवर सांग बाई, मला नको. तू पाऊस म्हणालीस की मी कपडे वाळत घालते."

ताईंनी अंदाज वाचला आणि तशाच फोनला चिकटून बसल्या. पण डोंगरातले मोबाइलचे मनोरे बर्फाने बंद पडले होते. पलीकडे नुसती शांतता.

थोड्या वेळात बस आगाराचे प्रमुख स्वतःच येऊन थडकले. टोपीवर बर्फ, मिशांवर बर्फ, हातात वायरलेसचा डबा.

"घाटावरच्या नाक्यावरून बस खाली निघालेली पाहिलीय. खालच्या नाक्यावर पोचलेली नाही. मध्येच कुठेतरी रुतलीय. बर्फ ढकलायची गाडी तयार आहे, पण वाऱ्यात स्वतःचा हात दिसत नाहीये. तिला पाठवायचं कसं?"

ताईंनी विचारलं, "ड्रायव्हर कसा आहे?"

"माणूस पक्का आहे. एकच वेड. रेडिओ बंद करत नाही. प्रवासी भांडून दमतात, पण हा पठ्ठ्या ऐकत नाही."

ताई ताडकन उठल्या. "म्हणजे आत्ता तो आपलंच केंद्र ऐकतोय!"

मग जी धावपळ उडाली ती काय सांगू! मी सरांचा फोन स्टुडिओत जोडून दिला. सर म्हणाले, वादळाचा मधला भाग दुपारी डोंगरावरून सरकेल, तेव्हा वारा थोडा वेळ पडेल, आणि मग पुन्हा उठेल तो रात्रभर थांबणार नाही. बसबाहेर पाऊल टाकायचं तर त्या वेळातच.

"घाटाच्या पायथ्याशी वस्ती आहे," आगारप्रमुख म्हणाले. "लोकांना वाटणार, चालत जाऊ."

"चालले तर संपले," सर म्हणाले. "या वाऱ्यात उघडी कातडी बघता बघता गोठते."

ताई साहेबांकडे वळल्या. "साहेब, मला माइक हवा."

"किती वेळ?"

"ते खाली येईपर्यंत."

साहेबांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बोला. वरच्यांचं मी बघतो."

मी चालू गाणं मध्येच तोडलं. नोकरीत पहिल्यांदाच, आणि खरं सांगतो, मजा वाटली. लाल दिवा लागला.

"घाटात अडकलेल्या बसच्या ड्रायव्हरदादा, मी हवामानवाली बोलतेय. तुम्ही घाटात रुतला आहात ते आम्हाला माहीत आहे. कुणीही खाली उतरू नका. चालत निघू नका. फक्त एकाने दोर बांधून मागे जावं आणि सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा. तो बुजला तर धूर आत येईल. इंजिन सारखं चालू ठेवू नका. थोडं चालवा, बंद करा, पुन्हा बर्फ काढा. एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. एकमेकांना चिकटून बसा. लाजायचं कारण नाही, आज सगळे नातेवाईक आहेत."

हेच त्यांनी पुन्हा सांगितलं. मग पठारावरच्या लोकांना सांगितलं, नदीखोऱ्यातल्यांना सांगितलं, आणि परत बसकडे वळल्या. समोरून हूं नाही की चूं नाही. विहिरीत हाक मारावी आणि प्रतिध्वनीही येऊ नये, तसं. मध्येच त्यांचा आवाज चिरकला. मी पाण्याचा पेला आत सरकवला. त्यांनी घोट घेतला, भुवई उचलली, आणि मी मनात म्हटलं, चला, आता आलं शेपूट.

"आणि त्या बसमध्ये माझ्या सासूबाई आहेत. आई, तुम्ही जन्मात माझं ऐकलं नाहीत. आज एवढं एकदा ऐका. गुडघ्यांवर शाल घ्या, पिशवीत तळाला मी ठेवलेले लोकरी पायमोजे आहेत, तुम्ही ते घातले नसणार, ते घाला. आणि कुणी बाहेर निघालं तर त्याला तुमच्या पद्धतीने समजवा."

काचेपलीकडे आगारप्रमुखांनी डोळे पुसले आणि ते खदाखदा हसायला लागले. बाहेर आमचे फोन घणघणत होते. पठारावरून कुणी म्हणालं, आमच्या दुकानात सगळं गाव रेडिओभोवती उभं आहे. सगळा प्रांत त्या बसमध्ये बसल्यासारखा झाला होता.

दुपार झाली. सर फोनवर ताटकळत होते. एकदम ते ओरडले, "पडतोय! डोंगरावरचा वारा पडतोय! निघा! आत्ताच निघा!" या माणसाला एवढ्या मोठ्याने बोलता येतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आगारप्रमुखांनी वायरलेसवर बर्फाच्या गाडीला हुकूम दिला. ताई माइकवर वाकल्या. "ड्रायव्हरदादा, गाडी निघालीय! मोठे दिवे लावा, बंद करा, लावा, बंद करा. हॉर्न वाजवा. बस बर्फात पांढरी झाली असेल, त्यांना दिसायला हवी!"

मी वायरलेसचा डबा उचलून थेट माइकपाशी नेऊन ठेवला. आता सगळ्यांनाच ऐकू येत होतं, बर्फाच्या गाडीवरचा माणूस खरखरत सांगत होता. "पहिलं वळण... काही नाही. दुसरं वळण... पांढरंच पांढरं... काही दिसत नाही हो..." साहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे. ताईंनी हातमोजे काढून मुठीत चुरगाळले होते. "पुढचं वळण... थांबा. थांबा! दिवा! दिवा लुकलुकतोय! हॉर्न ऐकू येतोय! सापडली!"

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण ते सगळं प्रसारित झालं. साहेबांनी मला मिठी मारली. ताई माइकवर एकच शब्द म्हणत होत्या, "दिसली... दिसली..."

वारा पुन्हा उठायच्या आत बस आगारात आली. आम्ही धावतच गेलो. प्रवासी ब्लँकेटं लपेटून गरम सूप पीत होते, आणि ड्रायव्हर हातवारे करून सांगत होता. "अहो, दोघं दार उघडून निघालेच होते. तर या आजी वाटेत आडव्या बसल्या! म्हणाल्या, माझी सून सांगतेय थांबा, म्हणजे थांबायचं. जायचं असेल तर मला ओलांडून जा. कुणाची टाप होती?"

आजी पुढे आल्या. पायांत लोकरी मोजे होते. ताईंना नखशिखान्त न्याहाळून म्हणाल्या, "सगळ्या प्रांताला माझे गुडघे सांगितलेस. आता मी तोंड कुठे दाखवू?" आणि मग सुनेला असं काही कवटाळलं, की आजींच्या हातातलं सूप माझ्या कोटावर आलं.

संध्याकाळचा अंदाज वाचायचा राहिला होता. आगारातून केंद्राकडे निघालो तेव्हा दुसरी लाट रस्त्यावर उतरली होती. वारा छातीवर ढकलत होता. मी एका बाजूला, ताई एका बाजूला, मध्ये सासूबाई, अशी आमची साखळी पाठमोरी चालत होती, कारण तोंड पुढे करायची सोय नव्हती. सासूबाई वाऱ्याला शिव्या घालत होत्या, ताई हसत होत्या, आणि मी दोघींना धरून घसरत होतो.

लाल दिवा लागला तेव्हाही ताईंना धाप लागलेली होती. "डोंगराळ भागात," त्यांनी सुरुवात केली, आणि पुन्हा हसू फुटलं. त्या थांबल्या, पुन्हा "डोंगराळ भागात" म्हणाल्या, पुन्हा फुटलं. साहेब दारात उभे होते. त्यांनी मला हाताने खूण केली, चालू दे.