आधी रसीद, मग पैसे

माझी आई डांगऱ्या शिवते. ठेक्यावरचे मजूर दुर्गजवळच्या पोलादाच्या प्लांटमध्ये जाताना गळ्यापासून घोट्यापर्यंतचा जो जाड कापडाचा एकसंध पोशाख घालतात, त्याला आमच्याकडे डांगरी म्हणतात. ती अंगात नसेल तर मजुराला गेटमधून आत सोडत नाहीत. ती मजुराला देण्याची जबाबदारी ठेकेदाराची असते आणि ठेकेदार ती आईकडून शिवून घेतो. इथपर्यंत सगळं ठीक आहे. पुढे तो पैसे देत नाही.

बाबा प्लांटमधून रिटायर झाल्यावर सेक्टर सहाचं क्वार्टर सोडून आम्ही कोहक्याला घर बांधलं. फंडातून जे उरलं त्यात आईनं खुर्सीपारला एक गाळा भाड्यानं घेतला. क्वार्टरमध्ये असताना ती मागच्या व्हरांड्यात शेजारणींचे ब्लाऊज शिवायची. गाळ्यात तिनं मोटरच्या मशिनी टाकल्या आणि दोन बायका कामाला घेतल्या. ब्लाऊजवाली बाई पैसे देऊनच ब्लाऊज नेते. ज्याच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात तो मात्र म्हणतो, "भाभीजी, ऊपर से पेमेंट अटका है."

याला ते लोक उधारी म्हणतात. मला तो शब्द मान्य नाही. उधारी मागून घेतली जाते. आईला कुणी कधी विचारलं नव्हतं की तुमचे पैसे मी काही महिने वापरू का. सरळ वापरले. आई त्याची बँक होती, तीही बिनव्याजाची, आणि वर चहा पाजणारी.

मी ठेका मजुरांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिणं हे माझं मुख्य काम. मजुरी, पीएफ, सुरक्षा, जे असेल त्यावर एका पानात, मोठ्या अक्षरात, गेटवर वाटायला. पत्रकं हिंदीत असतात. हे मराठीत लिहायचं कारण एवढंच की यातली भांडणं मराठीत झाली.

एका वर्षी उन्हाळ्यात एका ठेकेदाराकडे आईचं मोठं बिल अडकलं. तो स्वतः एका मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली काम घ्यायचा. पैसे मागितले की वर बोट दाखवायचा, जणू काही वर देवच बसला आहे. इकडे दुर्गचा कापडवाला आईला म्हणाला, मागचं मिटवा, मग कापडाचा नवा थान न्या. तोही चुकीचा नव्हता. पण कापड नाही म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणजे त्या दोन बायकांना घरी बसवायचं आणि गाळ्याची किल्ली मालकाला द्यायची. आई हे बोलायची नाही. ती फक्त जुने ब्लाऊजचे कागदी नमुने ट्रंकेतून काढून चाळत बसायची. त्यावरून आम्हाला कळायचं ते कळलं.

मी मोबाईलवर तिला कायदा दाखवला. लहान धंद्याचे पैसे किती दिवसांत द्यायचे ते त्यात लिहिलेलं आहे. तक्रार करायला सरकारी पोर्टल आहे.

"तक्रार केली तं पैसे भेटतीन?" आईनं विचारलं.

"भेटतील. उशिरा."

"आनि पुढचं काम?"

पुढच्या कामाबद्दल पोर्टलवर काही लिहिलेलं नव्हतं.

मग मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. ठेकेदारांची लूट, महिला कारागिरांचं शोषण, जाहीर निषेध, सगळं बसवलं. आईनं चष्मा लावून शांतपणे वाचलं. तिला हिंदी वाचायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, पण ती एकही ओळ सोडत नाही.

"चांगलं लिहिलं," ती म्हणाली. "पन यात आपले पैसे कुठी हाय?"

खरंच नव्हते. अख्ख्या पानात रकमेचा आकडाच नव्हता. भांडवलशाही दोनदा होती.

अशातच शटडाउन आला. प्लांटचा एखादा भाग दुरुस्तीसाठी बंद करतात तेव्हा ठेकेदार जादा मजूर लावतात, आणि प्रत्येकाला डांगरी लागते. याच ठेकेदाराची ऑर्डर आमच्याकडे आधीच्या कापडातून शिवून तयार पडली होती. गाळ्यात घडीवर घडी, निळ्या डांगऱ्यांची पार खिडकीपर्यंत रास. मी म्हटलं, आता द्यायच्या नाहीत. मागचे आणि या डांगऱ्यांचे पैसे एकदम टाका आणि माल न्या. साधी मागणी आहे.

आई काज करत होती. तिनं पुढचं काज घेतलं.

दुपारी आमच्या संघटनेतलाच एक मजूर गाळ्यावर आला. उंच, काटकुळा माणूस. त्याची डांगरी नेहमी पायात आखूड होते म्हणून तो आधीच मोजून घ्यायला यायचा. त्याच ठेकेदाराकडे तो शटडाउनला लागणार होता.

"चाची, मेरी वाली थोड़ी लंबी रखी न?"

आईनं राशीतून त्याची बरोबर काढून दिली. त्यानं अंगाला लावून बघितली आणि माझ्याकडे वळला. "दीदी, परसों से लगना है. डांगरी नहीं तो गेट नहीं, गेट नहीं तो हाज़िरी नहीं. कब तक मिलेगी सबको?"

त्याच्या हाजरीसाठी मी किती पत्रकं लिहिली होती, त्याचा हिशेब मला होता. आणि ती हाजरी आता मीच आईच्या गाळ्यात अडवून बसले होते.

तो गेल्यावर आई म्हणाली, "पैसे ठेकेदारानं नाही देल्ले. याइनं काय केलं?"

"मग फुकट द्यायच्या का?"

"फुकट कोन म्हनते? पन त्या पोरायच्या पोटावर पाय देऊन मले माहे पैसे नाही पाहिजे. तुह्या आंदोलनात असंच शिकवतेत का?"

संध्याकाळी ठेकेदाराचा टेम्पो आला आणि सगळ्या डांगऱ्या गेल्या. मी त्या रात्री जेवताना आईशी बोलले नाही. बाबांनी दोघींच्या ताटात निमूटपणे भात वाढला.

दोन-चार दिवसांनी गाळ्यात ठेकेदाराच्या मुनीमाचा फोन आला. मुनीम म्हणजे त्याच्या ऑफिसात बिलं करणारा पोरगा, बोलायला फार गोड. आईनं फोन स्पीकरवर टाकला, कारण हातात कात्री होती.

"चाची, पिछले वाले और इस वाले, दोनों की पेड रसीद भेज दीजिए न. टिकट लगा के. हमारा बिल रुका है ऊपर."

"भेजती हूँ बेटा," आई म्हणाली. कात्री ठेवली, मशीनच्या ड्रॉवरमधून रसीदबुक काढलं, रेव्हेन्यू तिकीट काढलं आणि जिभेला लावलं.

मी म्हटलं, "थांब. त्यानं पैसे दिले?"

"नाही."

"मग पैसे मिळाल्याची रसीद तू कावून देऊन राहिली?"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, पोळी का लाटते. "असंच असते न बाई. पयले रसीद जाते, मंग त्याचं बिल पास होते, मंग तो आपले देते. सगळेच देतेत. बाजूचा वेल्डिंगवाला देते, रंगवाला देते."

हे मला माहीत नव्हतं. मी खुर्सीपारमध्ये इतकी वर्षं हिंडते, मजुरांच्या पगारपावत्या तपासते, आणि माझ्या घरात हे चाललं होतं. त्या मोठ्या ठेकेदाराला पुरावा हवा असतो की मजुरांसाठी सामान विकत घेतलं आणि त्याचे पैसे चुकते केले. लहान ठेकेदार पैसे चुकते करत नाही, फक्त पुरावा घेऊन जातो. आणि तो पुरावा तिकीट लावून, सही करून, आमचेच लोक त्याला नेऊन देतात. वर रिक्षाचं भाडंही स्वतःच देतात.

"आई, हा कागद काय म्हणतो माहीत आहे का? हा म्हणतो की पैसे तुला मिळाले. उद्या तू पोर्टलवर जा, कोर्टात जा, माझ्या पत्रकात जा, तो हा कागद दाखवेल. काय मागशील मग?"

तिकीट तिच्या बोटाला चिकटलेलं होतं. दोन्ही बायकांच्या मशिनी थांबल्या.

"मागच्या बिलाची तवाच नाही गेली काय रसीद?" त्यातली एक बाई हळूच म्हणाली.

"मागच्याची तो घेऊन गेला नाही," आई म्हणाली. "मोठं बिल हाय, दोन्ही एका टायमाले लावतो म्हने." मग तिनं तिकीट बोटावरून सोडवून परत ड्रॉवरच्या लाकडाला चिकटवून टाकलं. "बरं झालं म्हना."

मुनीमाचा फोन पुन्हा आला. आईनं सांगितलं, पैसे आले की रसीद येईल. तो हसला. त्याला वाटलं चाची गंमत करते आहे.

मग ठेकेदार स्वतः आला. गाडी गल्लीत मावत नाही म्हणून कोपऱ्यावर लावून चालत आला आणि स्टुलावर बसला. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं कापडाचं एक टोक माझ्या हातात दिलं. "पकड. ताठ पकड." ताठ कापड दोन्ही हातांनी धरलेल्या माणसाला भाषण करता येत नाही.

"भाभीजी, इतने साल का रिश्ता. विश्वास नहीं रहा क्या?"

"विश्वास है, तभी तो माल दिया," आई म्हणाली. तिची हिंदी भंडाऱ्याच्या वळणाची आहे, पण चालते कात्रीसारखी. "रसीद में लिखना पड़ता है कि पैसा मिला. मिला नहीं तो कैसे लिखूँ?"

"अरे सब ऐसे ही करते हैं. आप आज दे दो, मैं कल डाल देता हूँ."

"तो कल ही ले जाना. रसीद कहाँ भाग रही है?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "ये यूनियन वाली ने सिखाया है न आपको?"

"नहीं भैया. ये तो आपके ऊपर पर्चा छाप रही थी, मैंने रोका. चाय लोगे?"

चहा त्यानं घेतला नाही. दुसरीकडे शिवायला माणसं खूप आहेत, असं म्हणून गेला. बाबांनी घरी हे ऐकलं आणि म्हणाले, "गेला तो हातचा." मला तसं वाटत नव्हतं. नवीन ऑर्डर तो कुणालाही देऊ शकत होता, पण या दोन्ही बिलांची रसीद फक्त आईच्या सहीची चालणार होती. त्याचा टेम्पो, त्याची गाडी, त्याचं वरचं पेमेंट, सगळं त्या एका सहीजवळ येऊन थांबलं होतं. डांगऱ्या घालून मजूर रोज गेटमधून आत जात होते. कुणाची हाजरी बुडत नव्हती. अडलं होतं ते फक्त ज्याचं अडायला पाहिजे होतं त्याचं. इतक्या स्वच्छ रेषेचा संप मी आजवर पाहिला नव्हता.

पण मधले दिवस सोपे नव्हते. कापड संपत आलं होतं. आईनं त्या दोघींना कामाला लावायचं म्हणून शाळेचे युनिफॉर्म आखूड-लांब करायला घेतले, पडद्यांना काठ लावायला घेतले. एकीला तर माझ्या संघटनेचा झेंडा शिवायला दिला. त्याचे पैसे आईनं माझ्याकडून रोख मोजून घेतले.

शेवटी एका सकाळी आईच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला. दोन्ही बिलांची मिळून अर्धी रक्कम. लगोलग मुनीमाचा फोन: "चाची, डाल दिया है. अब पूरी की रसीद दे दीजिए, बाकी इसी हफ्ते."

आईनं रसीद लिहिली. जेवढे आले तेवढ्याची. आकड्यात आणि अक्षरात, खाली रेघ मारून, बाकी किती तेही लिहून. मीच ती त्यांच्या ऑफिसात नेऊन दिली. मुनीमानं वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाला, "आपकी मम्मी ने बाकी भी लिख दिया." मी म्हटलं, त्यांचं अक्षर चांगलं आहे म्हणून लिहिलं असेल. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला गेटवर माइक हातात घेऊनही वाटलेलं नाही.

उरलेले पैसे त्याच आठवड्यात आले. ठेकेदारही तुटला नाही. पुढच्या ऑर्डरला त्यानं कुरकुरत थोडे आगाऊ दिले आणि आईच्या हातचा चहा घेतला. बाजूचा वेल्डिंगवाला येऊन आईला सगळं विचारून गेला. रंगवाला म्हणाला, माझं जमणार नाही बाई, माझा ठेकेदार वाईट आहे. त्याच्यासाठी मी पुन्हा पत्रक लिहिलं. या वेळी रसीद हा शब्द पहिल्याच ओळीत टाकला, आणि भांडवलशाही एकदाच.

सगळे पैसे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईला स्कूटीवर मागे बसवून दुर्गला नेलं. कापडवाल्याचं मागचं सगळं मिटवलं. त्यानं खुर्ची दिली, पंखा आमच्याकडे वळवला आणि निळ्या कापडाचा थान उलगडला. महिनाभर कापडासाठी तळमळलेली माझी आई आता घाईनं हो म्हणेल असं मला वाटलं. तिनं चष्मा लावला, कापडाचा कोपरा बोटात चुरगळला, सोडला, उजेडात धरला.

"हे धुतल्यावर आकसते," ती म्हणाली. "दुसरं दाखवा."

त्यानं दुसरं काढलं. तेही तिला पसंत पडलं नाही. मी पाणी प्यायले आणि आरामात टेकून बसले. आम्हाला कुठे जायची घाई नव्हती.