गुरुजींचं जंगल

ब्रह्मपुरीला कॉलेजात असताना माझ्या खोलीशेजारी झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे एक गृहस्थ राहत. सगळे त्यांना पेंटरभाऊ म्हणत, त्यामुळे त्यांचं नाव मला कधी कळलंच नाही.

कामाला बसण्याआधी ते आपल्या दिवंगत गुरुजींनी रंगवलेला जंगलाचा पडदा अंगणात टांगत. पडदा नाटक कंपनीचा होता, डागडुजीला आलेला.

"हिरवा रंग कुठी दिसते तुले?" ते मला विचारत.

जवळून नुसते निळे-पिवळे फटकारे दिसत. दहा पावलं मागे सरकलो की सागाचं हिरवंगार रान उभं राही.

"गुरुजीनं मागच्या रांगेतल्या मानसासाठी रंगवलं. मले आजून तसं जमून नाई राह्यलं," ते म्हणत.

दिवाळीच्या तोंडावर कंपनीचे मालक आले. त्यांना बाजाराचा देखावा हवा होता. "नवं कापड कायले? हे जंगल पुसून याच्यावरच काढ ना भाऊ!"

पेंटरभाऊ आत गेले. त्यांनी स्वतःचा राजमहालाचा पडदा आणला. त्याच्यावर त्यांनी अख्खा उन्हाळा घालवला होता.

"याच्यावर काढून देतो बाजार. जंगल मले राहू द्या."

मालक हसून कबूल झाले. ते गेल्यावर मी न राहवून म्हणालो, "भाऊ, इतका सुंदर महाल!"

"माहा महाल मी पुन्हा काढीन. गुरुजी आता कुठून येतीन?"

एवढं बोलून त्यांनी रुंद ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि महालाच्या कळसापासून सुरुवात केली.