भट्टीच्या दाराचे तीन सेकंद

वैजनाथ मूळचा परळीकडचा. आयटीआय करून पुण्यात आला, बिबवेवाडीत दोन खोल्या घेतल्या आणि वाघोलीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून चिकटला, तो तब्बल बावीस वर्षं. तिथल्या भट्टीचं दार कधी पाडायचं, ट्रॉली कधी सरकवायची, हे सगळं एक जुना कंट्रोलर ठरवायचा. तो बसवून देणारे केव्हाच गाशा गुंडाळून गेले होते. कुठली तार कशाची आणि कुठला टायमर कशासाठी, हे फक्त वैजनाथच्या पेन्सिलने लिहिलेल्या डायरीत होतं. म्हणून खंडेनवमीला कंट्रोलरच्या पॅनेलपुढे नारळ फोडायचा मान त्याचा. मोठे साहेबसुद्धा मागे हात जोडून उभे राहायचे. गड्याला त्या मानाचं भारी अप्रूप!

२००१ साली या कंट्रोलरचा जुना प्रोसेसर काढून नवा बसवायचं ठरलं. काम आमोदकडे आलं. हा कोथरूडचा इंजिनियर सहा वर्षांपूर्वी लागला, तेव्हा त्याला मल्टिमीटर धरायला वैजनाथनेच शिकवलं होतं.

"काका, तुमच्या डायरीशिवाय माझं पान हलणार नाही," आमोद म्हणाला. "नवं पॅनेलही तुम्हीच सांभाळायचं. नारळ तुमच्याच हातचा."

"सगळं देऊन बसू नका," गोदाबाईने नवऱ्याला बजावलं. "थोडं हातचं राखा."

"अगं, आपलाच पोरगा आहे तो."

तीन रविवार आपला पोरगा बिबवेवाडीला आला. गोदाबाईच्या हातची भाकरी आणि ठेचा खाऊन त्याने डायरीचं पानन्‌पान लॅपटॉपात उतरवलं. वैजनाथ शेजारी बसून पुसट झालेली अक्षरं वाचून दाखवत होता.

नवा प्रोसेसर पहिल्याच दिवशी बिनबोभाट चालला. आठवड्याने स्वेच्छानिवृत्तीची यादी लागली. स्वेच्छा नेमकी कुणाची, हे विचारायची सोय नव्हती. वैजनाथच्या कागदावर शेरा होता, 'सर्व माहितीची नोंद झाली आहे, या पदाची आता गरज नाही.' खाली आमोदची सही. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर वैद्याने स्वतःच आपली वही वाचून दाखवली होती. केसाने गळा कापला पोराने! त्या दिवशी वैजनाथ जेवला नाही.

तरी खंडेनवमीला सकाळीच त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला. दिलेला शब्द आमोद एवढा तरी पाळेल, असं त्याला मनापासून वाटत होतं. नऊ वाजता फोन वाजला तेव्हा त्याने गोदाबाईकडे 'बघ, म्हटलं नव्हतं?' अशा नजरेने पाहिलं.

"काका, आमोद बोलतोय. एक विचारायचं होतं. दार पडायच्या आधी तीन सेकंदांचा टायमर आहे. डायरीत कारण नाही. उद्यापासून काढून टाकतोय. दिवसाला चाळीस नग जास्त निघतील."

कारण डायरीत नव्हतंच. दहा वर्षांपूर्वी ट्रे ठेवताना दार पडलं आणि भट्टीवरच्या शंभू नावाच्या कामगाराची दोन बोटं गेली. कंपनीने ते कुठल्याच कागदावर येऊ दिलं नाही, वैजनाथलाही लिहू नको म्हणून सांगितलं. त्याने गुपचूप तीन सेकंद टाकले होते. तेवढं एकच त्याच्याकडे उरलं होतं. गप्प बसला असता, तर आमोद चांगलाच तोंडघशी पडला असता.

"काढू नका साहेब," वैजनाथ म्हणाला आणि सगळं सांगितलं. "शंभू अजून त्याच दारावर आहे."

पलीकडे आरती सुरू झाली होती. "बघतो," आमोद म्हणाला. "पण वर आकडा देऊन झालाय. ठेवतो काका, नारळासाठी खोळंबलेत सगळे."

वैजनाथने रिसीव्हर ठेवला. पांढरा शर्ट तसाच अंगात होता. दुपारी पाळी सुटायच्या वेळेला तो वाघोलीच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. हातात प्रसादाची खिरापत घेऊन शंभू बाहेर आला.

"काका, तुम्ही बाहेर कसे? नारळ तर आमोदसाहेबांनी..."

वैजनाथने त्याचा तीन बोटांचा हात हातात घेतला.

"शंभू, उद्यापासून त्या दारावर भरवसा ठेवू नको. आतलं सगळं मीच त्यांना वाचून दाखवलंय."